फज करायचा तर घोटायची तयारी हवी

कंडेन्स्ड मिल्कचा डबा ओता, त्यात चॉकलेट वितळवा, फ्रीजमध्ये ठेवा, झाला घरगुती फज, म्हणजे चॉकलेटची मऊ वडी! असे व्हिडिओ रोज समोर येतात. तो पदार्थ चवीला चांगला असतो, लहान मुलांनाही जमतो. पण त्यात साखरेचा पाक नाही आणि पाकातून साखरेचे बारीक कण पुन्हा धरवण्याची क्रियाही नाही, म्हणून मी त्याला फज मानत नाही. खरा फज दाताखाली हलकासा तुटतो आणि मग जिभेवर लोण्यासारखा पसरतो. हा पोत मेहनतीशिवाय येत नाही.

१८८८ साली अमेरिकेतल्या व्हासार कॉलेजात एमेलिन हार्ट्रिज या विद्यार्थिनीने तब्बल ३० पौंड फज केला होता. साखर, क्रीम, चॉकलेट, बटर एवढंच साहित्य. आजही त्यात फार भर घालायची गरज नाही.

साखर ४०० ग्रॅम, क्रीम किंवा साईचं दूध २४० मिली, बिनसाखरेचं चॉकलेट ६० ग्रॅम, लिक्विड ग्लुकोज १ टेबलस्पून, चिमूटभर मीठ. बटर ३० ग्रॅम आणि व्हॅनिला १ टीस्पून बाजूला ठेवा, ते नंतर लागतं. तसं चॉकलेट नसेल तर ४० ग्रॅम कोको आणि ३० ग्रॅम जास्तीचं बटर सुरुवातीलाच घाला. ग्लुकोज टाळू नका, त्यामुळे साखरेचे मोठे खडे धरत नाहीत.

पातेलं जाड बुडाचं आणि निदान ३ लिटरचं घ्या, कारण मिश्रण फसफसून वर येतं. साखर पूर्ण विरघळेपर्यंत मंद आचेवर ढवळा. उकळी आली की कडांना चिकटलेली साखर ओल्या ब्रशने खाली उतरवा. तिथला एक कण पाकात पडला तरी त्याच्याभोवती साखर धरायला लागते.

आता पाक ११४ अंश सेल्सिअसपर्यंत न्या. थर्मामीटर आधी उकळत्या पाण्यात तपासा. तिथे ९८ दाखवत असेल तर पाक ११२ वर उतरवा. समुद्रसपाटीपासून उंचावर राहणाऱ्यांचा हिशेबही यातच होतो. थर्मामीटर नसेल तर पाकाचा थेंब गार पाण्यात टाका. त्याची गोळी वळली पाहिजे, पण बोटांत धरल्यावर ती चपटी व्हायला हवी. दोन-तीन अंश कमी पडले तर फज चिकट राहतो, जास्त झाले तर कोरडा होऊन भुगा पडतो.

सगळ्यात अवघड काम यानंतरचं, आणि ते म्हणजे काहीही न करणं. आच बंद करून बटर आणि व्हॅनिला वर टाका, मिसळू नका. पातेलं हलवू नका, चमचा बुडवू नका. ४५ अंशांपर्यंत उतरायला तासभर किंवा जास्तच लागतो. बहुतेकांचा फज इथेच बिघडतो. गरम पाक ढवळला की मोजकेच कण तयार होतात आणि तेच वाढत जातात, म्हणून फज रवाळ लागतो. पाक कोमट आणि घट्ट असताना ढवळला तर असंख्य कण एकदम धरतात, त्यामुळे कुणालाच मोठं व्हायला वाव मिळत नाही.

मग लाकडी चमच्याने घोटायला घ्या. दहा ते वीस मिनिटं, न थांबता. खांदा भरून येतो, पाळीपाळीने दोघांनी घोटलं तर बरं. आधी मिश्रण चकचकीत आणि लांबट ताराचं असतं. हळूहळू रंग फिकट होतो, चमचा जड लागतो आणि तकाकी उतरते. तकाकी उतरायला लागली की थांबायचं आणि बटरपेपर लावलेल्या २० सेंटीमीटरच्या चौकोनी ट्रेमध्ये लगेच ओतायचं. अर्धं मिनिट उशीर झाला तरी पातेल्यातच दगड होतो. तसं झालंच तर हाताने मळून थापा, चव कुठे जात नाही.

तुकडे त्याच दिवशी कापा, पण खायला दुसऱ्या दिवशी काढा. हवाबंद डब्यात एक रात्र राहिला की पोत आणखी मऊ होतो.

आणि रवाळ झाला म्हणून टाकून तर मुळीच देऊ नका. तुकडे पातेल्यात घालून कपभर पाणी ओता, मंद आचेवर शेवटचा कणही विरघळू द्या, पुन्हा ११४ पर्यंत न्या, पुन्हा गार करा, पुन्हा घोटा.