डुप्लिकेट हाताळते

आज सकाळी पुन्हा मेल आला. ‘प्रिय टेस्ट टेस्ट, बऱ्याच दिवसांत भेट नाही!’

टेस्ट टेस्ट म्हणजे मी. मागच्या गुरुवारपर्यंत आमच्या ग्राहक-डेटाच्या सॉफ्टवेअरमध्ये मला आईवडिलांनी ठेवलेलं नाव होतं. ते एका एआय एजंटाने, म्हणजे सांगितलेलं काम आपणहून करणाऱ्या प्रोग्रामने, पुसलं, आणि डोकं फिरवणारी गोष्ट ही की त्याची काही चूक नव्हती.

एजंट कोड वाचत नाही. त्याच्यापुढे टूलचं, म्हणजे सॉफ्टवेअरमधलं एकेक काम करून देणाऱ्या अवजाराचं, नाव, वर्णन आणि काय काय भरायचं त्याची यादी, एवढंच असतं. त्यावरून कोणतं टूल उचलायचं ते तो ठरवतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एजंटांना बाहेरची सॉफ्टवेअर जोडायची एक सामाईक पद्धत, आला आणि ज्याला त्याला आपलं सॉफ्टवेअर एजंटांना जोडायची घाई झाली. आमच्याकडे वर्णनं लिहायचं काम ‘तुम्ही लिहिता ना काहीबाही’ म्हणून माझ्या गळ्यात पडलं. एका टूलसमोर मी लिहिलं, ‘डुप्लिकेट हाताळते.’ मला ते सुटसुटीत वाटलं होतं.

डेमोत साहेबांनी एजंटाला सांगितलं, “या ग्राहकाच्या दोन नोंदी आहेत का बघ.” नमुन्याला मी माझीच नोंद दिली होती. एजंटाने बघितलं आणि हाताळलंही. कधीकाळी चाचणीसाठी केलेल्या टेस्ट टेस्ट या नोंदीत मी माझाच मोबाइल नंबर टाकला होता. नंबर एक, म्हणून माणूस एक. जुनी नोंद मुख्य ठरली आणि मी तिच्यात विरघळलो. हे मर्ज, म्हणजे नोंदी एकत्र करणं, उलटवता येत नाही. तेही वर्णनात नव्हतं.

इथवर ठीक होतं. पण त्या मीटिंगला डॉक्युमेंटेशनच्या मॅडम होत्या. त्यांचा या कामाशी काडीचा संबंध नाही. पुढच्या तासाला ती खोली त्यांची होती, म्हणून त्या लवकर येऊन कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी चष्मा नाकावर खाली ओढला. “असं करू या. मी एजंट. तुम्ही लिहिलंय तेवढंच मला ठाऊक. हं, सांगा काम.”

“गेल्या महिन्यात आलेले ग्राहक शोधा,” मी म्हणालो.

“इथे गेट_कस्टमर आहे, फेच_कॉन्टॅक्ट आहे, लुकअप_प्रोफाइल आहे. तिघांपुढेही ‘ग्राहकाची माहिती आणते’. तिळे आहेत का हे?”

“छे. पहिल्याला आयडी लागतो, दुसऱ्याला ईमेल चालतो. तिसरं जुनं झालंय, ते वापरायचं नाही.”

“वापरायचं नाही हे कुठे लिहिलंय?”

“सगळ्यांना माहीत आहे.”

“मी एजंट आहे. मी सगळे नाही.”

मग तारखेवर आल्या. नमुना म्हणून मी ०३-०४-२०२५ टाकलं होतं. “तीन एप्रिल की चार मार्च? अहो, आयएसओ ८६०१ हे मानक १९८८ पासून आहे. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. कशाला आमच्यासारख्या गरीब एजंटांना अंदाज करायला लावता?” साहेब हसले. एरवी ते माझ्या विनोदाला कधी हसत नाहीत.

“स्टेटस तीन म्हणजे?”

“सोडून गेलेला ग्राहक.”

“आणि चार?”

मला आठवेना. “मग मी अंदाज करते,” मॅडम म्हणाल्या, “चार म्हणजे परत आलेला.” हे त्यांनी इतक्या ठामपणे सांगितलं की मीही मान डोलावली. नंतर पाहिलं, तर चार म्हणजे ‘मला मेल पाठवू नका’ असं सांगितलेला ग्राहक. एजंटाने हाच अंदाज केला असता तर त्या सगळ्यांना आम्ही ‘पुन्हा स्वागत’ म्हणून मेल धाडले असते.

मीटिंग संपली तरी मॅडम भूमिकेतून बाहेर येईनात. लिफ्टपाशी मी म्हणालो, “तेवढं बटण दाबता का?” तर म्हणतात, “वरचं की खालचं? सक्तीची माहिती आहे, रिकामी सोडलीत.” मी जिन्याने उतरलो.

रात्री बसून त्या एका टूलचं वर्णन दीड पान लिहिलं. साहेब म्हणाले, “प्रतिज्ञापत्र आहे का?” खरं होतं ते. ही वर्णनं एजंटामागच्या मॉडेलच्या पुढ्यात मांडून ठेवावी लागतात आणि त्यातल्या टोकनांचा, म्हणजे मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत मोजतं त्यांचा, हिशेब लागतो. मग काटछाट केली. नाव मर्ज_प्रोफाइल्स. ‘दोन ग्राहक-नोंदी कायमच्या एकत्र करते. उलटवता येत नाही. नुसतं तपासायचं असेल तर हे वापरू नका, फाइंड_डुप्लिकेट्स वापरा. दोन्ही नोंदींचे आयडी द्या. नाव किंवा फोन नंबर चालत नाही.’ जोडीला डिस्ट्रक्टिव्ह हिंटही, म्हणजे ‘या टूलने काही नष्ट होऊ शकतं’ अशी खूण, लावली. पण ती हिंटच, कुलूप नव्हे. म्हणून माणसाने ‘हो’ म्हटल्याशिवाय मर्ज होऊच नये, ही अट कोडमध्ये घालून घेतली.

एवढं सगळं आता यंत्रासाठी. मी इथे नवा होतो तेव्हा विचारलं होतं, “हे फ्लॅग_२ काय आहे?” उत्तर मिळालं, “त्याला हात लावू नकोस.” बस्स. अजून मी त्याला हात लावलेला नाही आणि ते काय आहे हेही मला माहीत नाही. चुकलो तेव्हा ‘वर्णन अपुरं होतं’ असं कुणी म्हणालं नाही, ‘लक्ष कुठे असतं तुझं’ म्हणाले. एजंट चुकला की मात्र चार माणसं बसून त्याला नीट समजावून का सांगितलं नाही म्हणून मला झाडतात. परवा सपोर्टमधली नवी मुलगी माझी ती वर्णनं छापून टेबलाशी चिकटवत होती. म्हणाली, “ट्रेनिंगमध्ये हे कुणी सांगितलंच नव्हतं हो.” मला आनंद व्हायला हवा होता. उलट पोटात दुखलं.

नाव परत मिळावं म्हणून मी रीतसर विनंती टाकली होती. उत्तर आत्ताच आलं.

‘प्रिय टेस्ट, तुमची विनंती हाताळली आहे.’