कार्बाइडचा आंबा, तासगावचा बेदाणा

मामांचं वाक्य मे महिन्यातलं, पण माझ्या घशात अजून अडकून बसलंय. रविवारचा व्हिडिओ कॉल चालू होता. मागे आढी लावलेली, मामी एकेक आंबा काढून वास घेत होती. विषय निघाला मामांच्या नातीचा, म्हणजे माझ्या भाचीचा. ती सांगलीत चार वर्षांच्या पदवीला आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार ही चार वर्षं झाली की पुढची मास्टर्स एका वर्षात करता येते. मामा आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले. म्हणाले, "एका वर्षाची मास्टर्स म्हणजे कार्बाइडचा आंबा. वरून पिवळा, आत आंबट." मग माझ्याकडे बघून घाईघाईनं, "तुझं वेगळं रे. तुझं अमेरिकेतलं."

हे शेवटचं जोडलं नसतं तर मी एवढा चिडलो नसतो.

माझीही मास्टर्स एकाच वर्षाची. हिंजवडीतली साडेचार वर्षांची नोकरी सोडून २०१७च्या ऑगस्टमध्ये मी पिट्सबर्गला आलो, कार्नेगी मेलनच्या हाइन्झ कॉलेजात, इन्फर्मेशन सिस्टिम्स मॅनेजमेंट शिकायला. नेहमीचा अभ्यासक्रम १६ महिन्यांचा, मधल्या उन्हाळ्यात इंटर्नशिप. पदरी तीन वर्षांचा अनुभव असेल तर इंटर्नशिप गाळून १२ महिन्यांतही उरकता येतो. मी उरकला. डोक्यावर बँकेचं कर्ज होतं, आणि चार महिन्यांचं भाडं रुपयांत मोजायची सवय अजून सुटली नव्हती.

मामांना वेळ दिसते ती कॅलेंडरची. कार्नेगी मेलनला विषय युनिटात मोजतात. १२ युनिटांचा विषय म्हणजे आठवड्याला बारा तासांचं काम, वर्ग धरून. असे चार घेतले की ४८ तास झाले, आणि हा हिशेब सगळं पहिल्या वाचनात डोक्यात शिरणाऱ्यांसाठी. वर सात आठवड्यांत संपणारे ‘मिनी’ विषय. नाव कळेपर्यंत परीक्षा. डेटाबेस, जावा, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र सगळं एका ताटात. रात्री ११:५९ला असाइनमेंट जमा करायची आणि शेवटच्या ६१सी बसनं घरी जायचं, वाटेत जायंट ईगलचं दुकान उघडं असेल तर अंडी घ्यायची.

आणि इंजिनिअरिंगला आम्ही काय केलं? सेमिस्टरभर कट्ट्यावर बसलो आणि परीक्षेआधीच्या पीएलच्या, म्हणजे अभ्यासाच्या सुट्टीच्या, पंधरा दिवसांत झेरॉक्सच्या नोट्स घोकल्या. ती चार वर्षं म्हणे झाडावर पिकलेली! (मी अमेरिकेतला चांगला नमुना भारतातल्या वाईट नमुन्याशी ताडून बघतोय, हे मला कळतं. मामाही तेच करतात, फक्त उलट्या बाजूनं.)

शिवाय एमसीए २०२०-२१पासून तीन वर्षांची दोन वर्षांची झाली, तेव्हा कार्बाइड कुणाला आठवलं नव्हतं. हैदराबादच्या आयएसबीत, म्हणजे इंडियन स्कूल ऑफ बिझनेसमध्ये, २००१पासून व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम एका वर्षात होतो. आमच्या शेजारच्या मुलाला तिथे प्रवेश मिळाला तेव्हा गल्लीत पेढे वाटले गेले, आणि मामांनी दोन खाल्ले.

मला खरं तर मामांना त्यांच्याच सासुरवाडीची आठवण करून द्यायची होती. तासगावजवळ त्यांच्या मेव्हण्यांची बेदाण्याची शेड आहे. लहानपणी सुट्टीत आम्ही तिथे पडीक असायचो. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढायची आणि रॅकच्या जाळीवर पसरायची. सालीवरचं मेण सैल होतं, पाणी लवकर निघून जातं, साधारण दोन आठवड्यांत बेदाणा तयार. नुसती वाळत टाकली तर कितीतरी जास्त दिवस लागतात आणि रंगही काळपट येतो. पण द्राक्ष आधी वेलीवर पिकलेलं लागतं. मेव्हणे ते छोटं ब्रिक्स मीटर डोळ्याला लावून गोडी बघायचे, आणि बावीसच्या आत आकडा आला की तोडणी पुढे ढकलायचे. डिप कच्च्याला पिकवत नाही.

माझं तेच झालं. हिंजवडीत एका रात्री माझ्या शिफ्टमध्ये पैसे कापण्याची बॅच दोनदा चालली. हजारो खात्यांतून दुप्पट रक्कम गेली. पहाटेपर्यंत आम्ही ती हातानं उलटवत बसलो, आणि नंतर महिनाभर मला मेलच्या आवाजानं दचकायला व्हायचं. पुढे पिट्सबर्गात, डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्सच्या तासाला, फळ्यावर एक शब्द आला: आयडेम्पोटन्ट. तीच आज्ञा दोनदा पोचली तरी परिणाम एकदाच व्हावा, अशी रचना. शेजारी नुकताच पदवी झालेला मुलगा व्याख्या उतरवून घेत होता. मला ती रात्र आठवून घाम फुटला. एकच तास, पण त्यामागे माझी साडेचार वर्षं होती.

आता अडचण अशी की हा युक्तिवाद मामांच्या बाजूनं जातो. भाची एकवीस वर्षांची आहे आणि तिच्याकडे अशी रात्र नाही. कागदावर तिच्या चौथ्या वर्षात संशोधन प्रकल्प आहे, इंटर्नशिप आहे. कॉलेज ते खरंच करून घेतं की सही-शिक्का मारून सोडतं, यावर सगळं. हे मी मामांना बोललो नाही. त्यांच्याशी भांडताना मी फक्त आयएसबीपर्यंतच जातो.

आणखी एक बोललो नाही. ते गेली काही वर्षं घरी कुणालाच सांगितलेलं नाही.

२०१८च्या उन्हाळ्यात १६ महिनेवाले सिअ‍ॅटलला, न्यूयॉर्कला इंटर्नशिपला गेले. आम्ही बारा महिनेवाले कॅपस्टोनला, म्हणजे शेवटच्या गटाच्या प्रोजेक्टला जुंपलेलो. आमच्या गटात चार जण: पुणे, चेन्नई, चेंगदू आणि परत पुणे. अमेरिका शिकायला आलो असं घरी सांगितलं होतं. ऑगस्टमध्ये पदवी हातात आली, नोकरी आली नाही. इंटर्नशिपवाल्या बऱ्याच जणांना आपापल्या कंपन्यांनी ठेवून घेतलं होतं, माझ्याकडे दाखवायला हिंजवडी होती. ओपीटी म्हणजे पदवीनंतर अमेरिकेत काम करायची तात्पुरती परवानगी, आणि तिच्यावर बेकार राहायची मुभा एकूण ९० दिवस. मी स्क्विरल हिलच्या खोलीत भिंतीवर रेघा मारत होतो. घरी सांगितलं, जॉइनिंग लांबलंय. आई म्हणाली, तेवढीच विश्रांती. ऑफर आली ओपीटीच्या ८१व्या दिवशी, डिसेंबरात. त्याच आठवड्यात १६ महिनेवाल्यांचा पदवीदान समारंभ होता. वाचवलेले चार महिने बरोबर तिथे खर्ची पडले.

घाईनं वाचवलेल्या वेळेचं या देशात पुढे काय होतं, तेही बघितलं. एच-वन-बी या कामाच्या व्हिसाच्या सोडतीत नाव लागलं तिसऱ्या खेपेला. ग्रीन कार्डच्या भारतीय रांगेत, माझ्या श्रेणीत, २०२५मध्ये २०१३चे अर्ज निघत होते. माझा २०२२चा. आणि त्याच २०२५च्या सप्टेंबरात देशाबाहेरून होणाऱ्या नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क आलं. तेव्हा "तुझं अमेरिकेतलं" यात मामांना जो पिकलेपणा दिसतो, तो मला दाखवा.

तरी मी इथेच आहे, पिट्सबर्गजवळच्या ग्रीन ट्रीला. पहिल्या हिवाळ्यात गाडीची जागा राखायला रस्त्यावर ठेवलेली कुणाची तरी खुर्ची बाजूला सरकवून त्या जागी गाडी लावली होती, आणि शेजारी महिनाभर बोलला नव्हता. आता बर्फ उपसून झाला की मीही माझी खुर्ची ठेवतो. गेल्या जानेवारीत कुणीतरी ती हलवली, तेव्हा मी दारात उभा राहून मराठीत शिव्या दिल्या. सांगलीला गेलो की गल्लीत मला विचारतात, किती दिवस आहेस.

परवा भाचीचा फोन आला, आजोबांना न सांगता. "मामा, एका वर्षाची करू की नको?" मी तिला ते ८१ दिवस सांगितले. ऐकून घेतलं तिनं. मग म्हणाली, "मग काय करू?" म्हटलं, आधी दोन वर्षं कुठेतरी नोकरी कर. काहीतरी बिघडव, ते रात्रभर बसून दुरुस्त कर, मग एका वर्षाची कर, सहा महिन्यांची मिळाली तर तीही कर.

ती हसली. "आजोबा पण हेच म्हणाले. फक्त ते बेदाण्याचं काहीतरी सांगत होते."