प्रगतिपुस्तकातला उंचीचा रकाना

आज एक कबुली देतो. प्रगतिपुस्तकात उंची-वजनाचा रकाना असतो ना, तो मी कितीतरी वर्षं अंदाजपंचे भरला. मागच्या आकड्यात पाच सेंटीमीटर मिळवायचे, झालं. पालक तरी कुठे वाचतात?

मग सातवीतल्या एका मुलीची आरोग्य तपासणीत खरोखर उंची मोजली. 129. पाचवीच्या बाईंनी प्रामाणिकपणे मोजून 124 लिहिली होती आणि मधल्या सहावीत मी बसल्या जागी 129 ठोकून दिले होते! म्हणजे दोन वर्षांत पोरगी जेमतेम पाच सेंटीमीटर वाढली होती. वयात येण्याआधीसुद्धा मूल वर्षाला साधारण तेवढं वाढतं.

घरी विचारलं तर, "सर, तिची आईच बुटकी, ती कुठून उंच होणार?" आई 150, वडील 165. दोघांची सरासरी 157.5. मुलगी असेल तर त्यातून साडेसहा वजा करायचे, मुलगा असेल तर मिळवायचे. म्हणजे हिच्या मोठेपणीच्या उंचीचा अंदाज 151 च्या आसपास. आईच्या उंचीला बोल लावण्यात काही अर्थ नव्हता. डॉक्टरांनी रक्त तपासलं, डाव्या हाताचा एक्स-रे काढून हाडांचं वय, म्हणजे हाडं वाढीत कुठवर आलीत ते, पाहिलं. थायरॉइड निघालं. वर्गात पेंगते म्हणून मी तिला आळशी म्हणायचो, ते अजून टोचतं. रोज उपाशीपोटी एक गोळी सुरू झाली आणि उंचीही सरकायला लागली.

प्रत्येक बुटकं मूल आजारी नसतं, हेही खरं. काही मुलगे उशिरा वयात येतात, त्यांची हाडंही वयापेक्षा मागे असतात. बाप सांगतो, "मी पण कॉलेजात गेल्यावर वाढलो." तिथे बऱ्याचदा थांबणं हाच उपाय. पण थांबायचं की धावायचं हे मोजल्याशिवाय कळणार कसं? गव्हाची ॲलर्जी म्हणतात तो सीलिॲक, मूत्रपिंडाचा जुना आजार, मुलींमधला टर्नर सिंड्रोम (गुणसूत्रातला जन्मजात दोष), ग्रोथ हार्मोनची कमतरता, यातलं काहीही मागे दडलेलं असू शकतं. आणि उलटही होतं. पाचवीत सगळ्यांत उंच असलेली, लवकर पाळी आलेली मुलगी दहावीत मागे पडते, कारण पाळीनंतर सहसा पाच-सात सेंटीमीटरच शिल्लक असतात.

आपण मात्र डबाभर पावडर आणतो आणि पोराला बारला लोंबकळायला लावतो. व्यायाम म्हणून लोंबकळू दे की, पण हाडं त्याने लांब होत नाहीत.

भारतीय मुलांचे वाढीचे तक्ते आपल्याकडे आहेत. बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 5 ते 18 वर्षांसाठी 2015 साली सुधारून दिलेत, त्यात पुण्याच्या डॉक्टरांचा मोठा वाटा आहे. तक्त्यातल्या सगळ्यांत खालच्या, म्हणजे 3 टक्क्यांच्या रेषेखाली गेलेलं मूल डॉक्टरांना दाखवायचंच, पण रेषेच्या वर असूनही दरवर्षी खाली घसरणारं मूल मला जास्त घाबरवतं. तेच नजरेतून सुटतं.

आता वर्गाच्या दारामागे भिंतीला टेप चिकटवलाय. बूट काढून, पोनीटेल सोडून, टाचा भिंतीला, नजर समोर. डोक्यावर कंपासपेटी आडवी. उद्या सातवी ब.