आयटीआयनंतरही इंजिनिअर होता येतं

‘आयटीआयला गेलात की शिक्षण तिथंच संपलं’, असा मेसेज दहावीच्या निकालानंतर पालकांच्या ग्रुपवर फिरतोय. हे चूक आहे. एकीकडे कारखाने आणि बांधकामाच्या साइट जाणकार तंत्रज्ञ शोधत असताना अशा मेसेजमुळे मुलं या वाटेकडे पाठ फिरवतात, याचं फार वाईट वाटतं.

महाराष्ट्रात दहावीनंतर फिटर, इलेक्ट्रिशियन, ड्राफ्ट्समन सिव्हिल असा 2 वर्षांचा ट्रेड पास झालेल्या विद्यार्थ्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशासाठी अर्ज करता येतो. डिप्लोमा झाल्यावर पदवीचंही थेट दुसरं वर्ष. त्यासाठी सीईटी द्यावी लागत नाही, डिप्लोम्याचे गुण धरतात. हिशेब सोपा आहे: 2 अधिक 2 अधिक 3, म्हणजे दहावीनंतर 7 वर्षं. बारावी करून जाणाऱ्याला 6 लागतात. फरक एका वर्षाचा, आणि त्या बदल्यात हाताला काम आलेलं असतं!

एक अट मात्र नीट पाहा. वेल्डरसारखा ट्रेड 1 वर्षाचा असतो, त्यावर ही थेट दुसऱ्या वर्षाची सवलत मिळत नाही. म्हणून फॉर्म भरतानाच ट्रेडचा कालावधी तपासा. गणिताची तयारीही सोडू नका. डिप्लोम्यात तिथंच बरीच मुलं अडतात.