करडईच्या बांधावरून डॅफोडिल : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘जुना वाचक’ महोदय,

आम्ही मित्र ग्रुपवर ‘ओळ ओळखा’ खेळतो : एकानं इंग्रजी कवितेची ओळ मराठीत टाकायची, बाकीच्यांनी कवी ओळखायचा. त्या खेळावरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया मी रात्री वाचली. सकाळी वाचायला हवी होती, झोप तरी झाली असती.

चूक आधी कबूल करतो. ‘सुंदर वस्तू म्हणजे कायमचा आनंद’ ही ओळ मी लेखात इंग्रज कवी कीट्सच्या ग्रीक कलशावरच्या कवितेच्या खात्यावर टाकली. ती त्याच्याच ‘एंडिमिअन’ या दीर्घकाव्याची, 1818ची, तीही पहिलीच ओळ. मित्रांनी ग्रुपवर माझी सालं काढून झाली आहेत, तुम्ही जरा उशिरा आलात.

पण तुमचं हे वाक्य : ‘अंबाजोगाईत बसून ज्यांनी उभ्या जन्मात डॅफोडिल पाहिलं नाही, त्यांनी वर्डस्वर्थ ओळखणं म्हणजे नुसतं मिरवणं.’ उभ्या जन्मात! हा सूर कशाला हो?

मी बी.ए.ला इंग्रजी घेतलं तेव्हा वडील म्हणाले होते, ‘यानं बोअरला पाणी लागणार हाय का?’ गाईडमध्ये ‘डॅफोडिल : एक पिवळे फूल’ एवढंच छापलेलं. आमच्याकडं पिवळं म्हणजे माघातली करडई. काट्यांमुळं आत शिरता येत नाही, बांधावरूनच बघायची. त्या बांधावर मी वर्डस्वर्थची डॅफोडिलची कविता पाठ केली. मिरवायला समोर होतं कोण? दोन म्हशी.

आणि पाहण्याचंच म्हणाल, तर वर्डस्वर्थनं ती फुलं अल्सवॉटर तलावाकाठी पाहिली 15 एप्रिल 1802ला. कविता झाली दोनेक वर्षांनी. ढगासारखा एकटा भटकत होतो म्हणतो, पण बहीण डोरोथी सोबत होती. तिच्या रोजनिशीत त्या फुलांचं वर्णन आहे. फुलं मनाच्या डोळ्यापुढं चमकतात, या कवितेतल्या दोन ओळी बायकोनं सुचवल्या, हे त्यानंच सांगितलंय. समोर नसलेलं फूल घरात पडल्या पडल्या दिसतं, हेच तर तो सांगतोय. मग आम्हालाच तिकीट का विचारता?

‘गावात मुकुंदराजांची समाधी असताना इंग्रजांचं कौतुक’ वगैरेवर बोलत नाही. मुकुंदराजांच्या ओव्या तुम्हाला किती पाठ आहेत, हेही विचारत नाही. राहिला गूगलवर शोधून उत्तरं देतो हा तुमचा आरोप. आमच्यातल्या एकावर आमचाही संशय आहे, पण तो घरचा मामला.

कालच ग्रुपवर एकानं टाकलं, ‘हिवाळा आला, तर वसंत किती लांब असणार?’ दुसऱ्याचं मिनिटात उत्तर : ‘शेली. पण राव, आपल्याकडं हिवाळ्यामागून टँकर येतो.’

खेळायचं असेल तर या. फक्त खऱ्या नावानं या.