नदीसुधारणेचा शास्त्रोक्त विधी

नदी स्वच्छ करण्याचे आपल्या मनात असेल, तर सर्वप्रथम पाण्याकडे बघण्याची सवय मोडावी. पाण्याला वास येतो, निधीला येत नाही. तेव्हा लक्ष कुठे ठेवायचे हे सुज्ञास सांगणे न लगे.

घाई तर मुळीच करू नये. पुण्याच्या मुळा-मुठेचा आदर्श डोळ्यांसमोर ठेवावा. जपानच्या जायका या संस्थेच्या अल्पव्याजी कर्जातून अकरा मैलापाणी शुद्धीकरण केंद्रे उभारण्याची सुमारे ९९० कोटी रुपयांची योजना जानेवारी २०१६ मध्ये मंजूर झाली, त्यातला ८५ टक्के भार केंद्र सरकारने स्वतःकडे घेतला आणि जानेवारी २०२२ पर्यंत काम पूर्ण करायचे ठरले. पायाभरणी झाली ६ मार्च २०२२ रोजी, तोवर खर्चाचा आकडा १,४७० कोटींच्या वर पोहोचला होता. बारसे आधी आणि लग्न नंतर, असा हा मुहूर्त कोणत्याही पंचांगात सापडणार नाही.

मैलापाणी नळातून जाते, त्यामुळे त्यावरचा खर्च मतदाराला दिसत नाही. काठ मात्र दिसतो. म्हणून त्याच दिवशी नऊ किलोमीटर नदीकाठाच्या १,०८० कोटींच्या कामाचीही पायाभरणी उरकण्यात आली. काठावर बाक अवश्य ठेवावेत. नाकाला रुमाल लावून उभे राहण्यापेक्षा बसणे केव्हाही सोयीचे.

पुलांच्या कठड्यांवर निर्माल्य अडवणारी लोखंडी जाळी बसवावी. परवा एका पुलावर जाळीवरून भिरकावलेली झेंडूची पिशवी तारेत अडकून लोंबत होती आणि खाली, त्याच पुलाच्या खांबाशी, नाल्याचे काळे पाणी कोणत्याही जाळीविना नदीला मिळत होते. छायाचित्र पिशवीचे काढावे; नागरिकांच्या बेशिस्तीचा तो सज्जड पुरावा आहे.

जलपर्णी ही तर साक्षात लक्ष्मी. मैलापाण्यातल्या नत्र-स्फुरदावर ती फोफावते, म्हणजे मैला थांबला तर ती जाईल आणि तिच्यामागोमाग दर उन्हाळ्यातली निविदाही जाईल. ती उपसून, वाळवून, वाहून नेण्याचा खटाटोप नको; बांबूने रेटून पुलाखालून पुढे सारली की ती पुढच्या हद्दीची होते. देयक मात्र पावसाआधीच सादर करावे. खडकवासला धरणातून विसर्ग सुरू झाला की मुठा एका रात्रीत सगळी जलपर्णी फुकट वाहून नेते, आणि हे काम तिने निविदा न भरता केल्याचे लेखापरीक्षकांच्या ध्यानात यायला नको.