‘देशी झाडे लावा आणि विसरून जा’: एका लोकप्रिय संदेशाचा प्रतिवाद

वृक्षारोपणाचा हंगाम जवळ आला की एक संदेश सगळीकडे फिरू लागतो. मोकळी जमीन दिसेल तिथे देशी झाडे लावावीत, जितकी दाट तितकी उत्तम; दोन-तीन वर्षे पाणी घालावे, पुढे जंगल आपोआप उभे राहते; आणि त्यानंतर त्यातले एकही झाड तोडणे म्हणजे जंगलाचा खून, असा त्याचा आशय असतो. देशी झाडांचा आग्रह योग्यच आहे. आक्षेप आहे तो त्या आग्रहाला चिकटवलेल्या बाकीच्या विधानांवर.

पहिले विधान मोकळ्या जमिनीचे. झाडे नसलेली जमीन ओसाडच असते, हे गृहीतक चुकीचे आहे. गवताळ माळ आणि दलदली या स्वतंत्र परिसंस्था आहेत आणि त्यांतला बराचसा कार्बन जमिनीखाली असतो. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील फ्लो कंट्री या प्रदेशात १९७० आणि १९८० च्या दशकांत, करसवलतींचा लाभ घेत, दलदलीत चर खणून सूचिपर्णी झाडांची रोपवने उभारली गेली. हजारो वर्षे साचत आलेला पीटचा, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा, कार्बन धरून ठेवणारा थर त्यामुळे कोरडा पडू लागला. पुढे त्यातल्या बऱ्याच भागावरची झाडे काढून आणि चर बुजवून दलदल पूर्ववत करण्याचे काम हाती घ्यावे लागले, आणि २०२४ मध्ये या प्रदेशातील दलदलींना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. ती झाडे विदेशी होती, हे खरे. पण पाण्याचा निचरा केल्याशिवाय तिथे देशी झाडांचेही दाट वन उभे राहिले नसते.

दुसरे, जात देशी असली म्हणजे रोप कुठूनही आणावे, असे नाही. ॲश हे ब्रिटनचे देशी झाड. तरीही त्याची रोपे परदेशी रोपवाटिकांतून आयात केली जात होती. २०१२ मध्ये अशा आयात रोपांवर ॲशची झाडे मारणारा बुरशीजन्य रोग आढळला आणि आयात बंद करावी लागली. ही बुरशी वाऱ्यानेही पसरते, त्यामुळे सगळा दोष रोपांवर टाकता येत नाही, मात्र जोखीम विकत घेतली गेली हे नाकारता येत नाही. बी शक्यतो जवळपासच्या, आणि एकाच नव्हे तर अनेक मातृवृक्षांपासून गोळा करणे हा साधा उपाय आहे. त्याला वेळ लागतो, इतकेच.

दाट लागवडीसाठी जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांचे नाव हमखास पुढे केले जाते. त्यांच्या पद्धतीचा पाया मात्र त्या जागी नैसर्गिकरीत्या कोणते वन वाढले असते याच्या अभ्यासात होता. तो अभ्यास वगळून फक्त रोपांची संख्या उचलली जाते. शिवाय प्रत्येक ठिकाणी लागवड करावी लागतेच असे नाही. पश्चिम आफ्रिकेतील नायजर या देशात शेतकऱ्यांनी शेतातल्या जुन्या खुंटांचे फुटवे निवडून, छाटून, राखून सुमारे ५० लाख हेक्टरांवर झाडे परत आणली. तीही बहुतांशी रोप न लावता.

आता मुख्य मुद्दा: ‘नंतर हात लावू नका’. एकाच वेळी लावलेली झाडे एकाच वेळी वाढतात, त्यांच्या फांद्या-पानांचे छत्र एकमेकांना भिडते, जमिनीवर उजेड पोहोचत नाही आणि खाली ना झुडपे राहतात ना नवी रोपे. निसर्गही विरळणी करतोच, वादळाने, रोगाने, स्पर्धेने. पण लहानशा, समवयस्क वनात या गोष्टी वाट्टेल तशा घडतात आणि त्यात नेमके दुर्मीळ जातीचे झाड मरू शकते. म्हणून काही झाडे निवडून काढणे हे वनाचे नुकसान नसून त्याची निगा असते. इंग्लंडमधील ब्रॅडफील्ड वुड्समध्ये झाडे बुंध्याशी तोडून खुंटातून फुटू देण्याची पद्धत १२५२ पासून चालत आल्याची नोंद आहे, आणि वन तरीही टिकून आहे. उलट ही पद्धत जिथे बंद पडली, तिथल्या अनेक वनांतून मोकळी, उजेडाची जागा लागणारी फुलपाखरे कमी झाली. याचा अर्थ सरसकट तोड करावी असा नाही. पोकळ झालेली, वठलेली झाडे तर उभीच ठेवावीत, कारण कुजणाऱ्या लाकडावर बुरशी, कीटक आणि पक्षी मोठ्या संख्येने जगतात. संदेश लिहिणाऱ्यांना हा फरक करायचा नसतो, हीच अडचण आहे.

शिवाय ‘हात न लावणे’ म्हणजे निसर्गावर सोपवणे, हे समीकरणही नेहमी जुळत नाही. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात लांडगे माणसानेच संपवले. हरणांना तिथे नैसर्गिक शत्रू उरला नाही आणि ती कोवळी रोपे खाऊन टाकत असल्याने जुन्या पाइनवनांच्या अनेक तुकड्यांत म्हातारी झाडे उभी आहेत, पण त्यांची पुढची पिढी नाही. तिथे कुंपण घालणे किंवा हरणांची संख्या कमी करणे, यांपैकी एक निर्णय माणसालाच घ्यावा लागतो.